गाण्यातला पत्ता

गाणं आवडलं की त्यातलं गाव बघायला निघायचं, हा आजार साधारण १९६० नंतर जगभर पसरला. त्याआधी माणसं परगावी जायची ती देवासाठी, बाजारासाठी किंवा सोयरिकीसाठी. तिथलं एखादं गाणं कानावर पडलंच तर तो वरकड नफा. मग अमेरिकेत आणि इंग्लंडात केस वाढवलेल्या आणि घरच्यांशी, सरकारशी, व्हिएतनामच्या युद्धाशी एकाच वेळी भांडण काढलेल्या पोरांनी आजोबांच्या काळची लोकगीतं उचलली, त्यांना विजेवरची गिटार जोडली आणि त्या गाण्यांत रस्त्यांची, गावांची, स्टेशनांची नावं सढळ हातानं पेरली. ऐकणाऱ्यांचा हिशेब सरळ होता: नाव आहे म्हणजे जागा आहे, आणि जागा आहे म्हणजे तिथे जाऊन फोटो काढता येतो. लिव्हरपूलच्या पेनी लेनवरचं बीटल्सचं गाणं १९६७ साली आलं आणि तिथल्या रस्त्याच्या पाट्या इतक्या वेळा चोरीला गेल्या की नगरपालिकेनं शेवटी नाव भिंतींवरच रंगवून टाकलं. भिंत पळवणारा भक्त अजून जन्माला यायचा आहे.

या मंडळींची टिंगल करणं सोपं आहे, पण ती कुठे फसतात हे नीट पाहिलं तर एक नियम हाती लागतो. तो असा: गाण्यात गावाचं नाव येतं ते पाकिटावर पत्ता येतो त्याच कारणानं. ज्याला लिहायचं तो समोर नसतो. शेजारी चहा पीत बसलेल्या माणसाला कोणी पिनकोड घालून पत्र धाडत नाही. म्हणून गाण्यातल्या गावी पोचलेला भक्त हमखास चुकीच्या ठिकाणी उभा असतो. गाणारा तिथे नव्हता, हेच तर ते गाणं होण्याचं कारण. हा नियम तपासायला लिव्हरपूलपर्यंत जायची गरज नाही. धाराशिव जिल्ह्यातलं नळदुर्ग त्या कामाला जास्त सोयीचं आहे. मात्र आधी परदेशातल्या साक्षीदारांच्या जबान्या उरकून घेऊ, म्हणजे आपण आपल्या गावाची बाजू घेतो असा आरोप व्हायला नको.

जॉन डेन्व्हरनं १९७१ साली गायलेलं 'टेक मी होम, कंट्री रोड्स' हे वेस्ट व्हर्जिनियाचं गाणं. ते ऐकून घर आठवून न रडलेला माणूस अमेरिकेत सापडणं कठीण. ते ज्या जोडप्याला सुचलं, त्या बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट यांना ते सुचलं मेरीलँडमधल्या एका रस्त्यावर, आणि वेस्ट व्हर्जिनियाला त्यांचे पाय तोवर लागले नव्हते. गाण्यातले डोंगर आणि नदी यांचा मोठा भाग शेजारच्या व्हर्जिनियात मोडतो. म्हणजे सुचलं एका राज्यात, निसर्ग दुसऱ्या राज्याचा आणि आठवण तिसऱ्याची. भूगोलाच्या मास्तरांनी या पेपरला शून्य दिलं असतं. वेस्ट व्हर्जिनियाच्या विधिमंडळानं २०१४ साली त्याला अधिकृत राज्यगीताचा मान दिला. त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? राज्यात राहणाऱ्यांना ते सुचलं नसतं. त्यांना घरी जाण्यासाठी कोणाला विनवण्याची गरजच नव्हती, ते घरीच होते.

वुडस्टॉकची गोष्ट याहून बहारीची आहे. ऑगस्ट १९६९ मधला तो सुप्रसिद्ध संगीत-मेळा वुडस्टॉक गावात झालाच नाही. तो झाला तिथून बऱ्याच अंतरावर, बेथेल इथे, मॅक्स यासगर नावाच्या दूधवाल्याच्या शेतावर. त्या मेळ्याला अजरामर करणारं गाणं केलं जोनी मिचेलनं, आणि ती त्या शेताकडे फिरकलीही नव्हती. दुसऱ्या दिवशी टीव्हीवरच्या कार्यक्रमाला हजर राहायचं होतं, गर्दीत अडकली तर परत येणार कशी, म्हणून तिला न्यूयॉर्कमध्येच थांबवलं गेलं. हॉटेलच्या खोलीत टीव्हीवरच्या बातम्या बघत तिनं ते लिहिलं. जे चार लाखांच्या आसपास लोक प्रत्यक्ष हजर होते ते चिखलात बूड टेकायला जागा आणि संडासाची रांग शोधत होते. त्यांना काव्य सुचायला सवड नव्हती. आणि आपल्या हृषीकेशचं काय झालं? १९६८ च्या सुरुवातीला बीटल्स महर्षी महेश योगींच्या आश्रमात आले, तिथे त्यांनी गाण्यांचा ढीग रचला. गंगेच्या काठी बसून पॉल मॅकार्टनी यांनी जे खणखणीत गाणं केलं ते सोव्हिएत रशियावर. जॉन लेननच्या एका गाण्यात हृषीकेशच्या वाटेचा उल्लेख होता खरा, पण पुढे १९७१ मध्ये ती चाल तशीच ठेवून शब्द बदलले गेले आणि हृषीकेशच्या जागी प्रेमातला मत्सर येऊन बसला. आज त्या पडक्या आश्रमात तिकीट काढून आत जाता येतं. तिथे जाऊन हळवे होणाऱ्यांनी निदान निम्मे अश्रू मॉस्कोसाठी राखून ठेवायला हवेत.

आता नळदुर्ग. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, बोरी नदीच्या काठी, गाण्याला लागणारं सगळं सामान इथे जागेवर तयार आहे. नळराजा आणि दमयंतीची आख्यायिका आहे, म्हणजे विरहाची सोय झाली. किल्ला आहे, उंचच उंच उपळ्या बुरूज आहे, त्यावर लांबलचक तोफा आहेत. नदी अडवून घातलेला बंधारा आहे, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल. नदी भरून वाहू लागली की नर आणि मादी असे दोन धबधबे बंधाऱ्यावरून कोसळतात आणि महालात उभा असलेला माणूस पाण्याच्या पडद्याआड कोरडा राहतो. हे कॅलिफोर्नियात असतं तर दोन तबकड्यांचा संच निघाला असता, आणि दुसऱ्या तबकडीवर नुसता पाण्याचा आवाज असता. धबधबे मात्र पाऊसमानावर. वरचं बोरी धरण भरून वाहिलं तरच नर-मादीचं दर्शन, आणि या जिल्ह्यात धरण भरणं हा बातमीचा विषय आहे, सवयीचा नव्हे.

हा पाणी महाल १६१३ साली मीर इमादीन यानं बांधला, आणि तेव्हा राज्य होतं विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचं. हा बादशहा साठच्या दशकातल्या पोरांच्या हाती लागला असता तर त्यांनी हिमालय सोडून दख्खनची वाट धरली असती. तो स्वतः गाणी रचायचा. 'किताब-ए-नवरस' हा त्याचा दख्खनी भाषेतला गीतसंग्रह. गणपतीला पिता आणि सरस्वतीला माता म्हणायचा, त्याच श्वासात गुलबर्ग्याच्या सूफी संत बंदेनवाजांना वंदन करायचा, लोक त्याला जगद्गुरू म्हणायचे. गवई आणि कलावंतांसाठी त्यानं विजापूरशेजारी नवरसपूर नावाचं आख्खं शहर वसवायला घेतलं, ते १६२४ मध्ये मलिक अंबरच्या फौजेनं उद्ध्वस्त केलं. त्यानं आपल्या तंबोऱ्याला नावही ठेवलं होतं: मोतीखान. अमेरिकन गिटारवादक बी. बी. किंग यांनी गिटारीला ल्युसिल म्हणायला अजून सव्वातीनशेच्या वर वर्षं बाकी होती. आणि ज्याला असा राजर्षी हवा होता तो हिप्पी इस्तंबूल, काबूल, मुंबई करत आला आणि बोटीत बसून सरळ गोव्याला, हणजुण्याच्या किनाऱ्यावर पोचला. सोलापूरला गाडी बदलली असती तर काम झालं असतं.

पण नियमाच्या दृष्टीनं महत्त्वाचं निराळंच आहे. या गवई बादशहाची गाणी ज्या विषयांसाठी ओळखली जातात ते म्हणजे सरस्वती, गणपती, बंदेनवाज, तंबोरा, लाडका हत्ती, बेगम. बंधाऱ्याच्या पोटातल्या महालाचा त्या यादीत नंबर लागत नाही. लागेल कशाला? महाल बांधता येत होता. जे बांधता येतं त्याच्यासाठी बादशहा गवंडी बोलावतो. जे बांधून आणता येत नाही, जसं की सरस्वतीची कृपा, त्याच्यासाठी मोतीखानच्या तारा जुळवतो. पुढे १८५३ च्या करारानंतर निजामाचा हा मुलूख काही वर्षं इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि कारभारी म्हणून नळदुर्गला आले ते फिलिप मेडोज टेलर, ठगाच्या जबानीवरच्या कादंबरीमुळे इंग्लंडात आधीच गाजलेले लेखक. १८५७ पर्यंत ते इथे होते. तुळजापूर फार लांब नव्हतं. तरी तुळजापूरच्या मुलीची 'तारा' ही त्यांची कादंबरी बाहेर आली १८६३ साली, तब्येतीपायी हिंदुस्थान कायमचा सोडून झाल्यावर. नळदुर्गात असताना त्यांना रस्ते, तळी आणि शेतसारा होता. तुळजापूर आठवायला समुद्र ओलांडावा लागला.

इथे कोणी म्हणेल, बादशहा आणि साहेब यांचा लोकगीताशी संबंध काय. गाणं पोटतिडकीनं करणाऱ्या सामान्य माणसाचं बोला. मग अण्णा भाऊ साठ्यांचं बोलू. सत्तेविरुद्ध उभं राहून लोकधाटणीत गाणं हे जर त्या अमेरिकन पोरांचं वैशिष्ट्य, तर अण्णा भाऊ, बार्शीचे अमर शेख आणि गव्हाणकर ही मंडळी लाल बावटा कलापथक घेऊन त्यांच्या पुष्कळ आधी मैदानात उतरली होती, आणि विजेची गिटार नसताना कामगार मैदानाच्या शेवटच्या टोकापर्यंत आवाज पोचवत होती. 'माझी मैना गावावर राहिली' या अण्णा भाऊंच्या छक्कडीत मुंबईला आलेल्या गड्याची बायको गावी राहते, आणि शेवटी हा विरह खंडित महाराष्ट्राचा होतो. त्यात नावं येतात ती बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावची. पुणे येत नाही, सातारा येत नाही, कारण ती घरात होती. नळदुर्गही येत नाही, आणि त्याचं कारण इतिहासात नोंदलेलं आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरली तेव्हा पहिली चकमक नळदुर्गलाच झाली आणि बोरीवरचा पूल ताब्यात आला. १७ तारखेला हैदराबाद शरण आलं. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. जे आलं त्याला तहसील कचेरी मिळाली. जे आलं नाही त्याला गाण्यात जागा मिळाली. बेळगावच्या माणसाला विचाराल तर त्याला अदलाबदल चालली असती.

सर्वांत मोठा आक्षेप मात्र खुद्द नळदुर्गातून येईल. तो असा, की आमच्याकडे गाणी नाहीत हे कोणी सांगितलं? खंडोबा आहे, जागरणं आहेत, वाघ्या-मुरळी आहेत, दिमडी-तुणतुण्यावर रात्र जाते, आणि त्यात नळदुर्गचं नाव येतं. अगदी मान्य. उलट आमच्या नियमाचा सर्वांत पक्का पुरावा इथेच मिळतो. जागरण बहुधा भक्ताच्या दारात होतं, घरात लग्न झाल्यावर. पाच उसांचा मांडव घातला की वाघ्या आधी देवांना बोलावतो, आणि बोलावतो गावांची नावं घेऊन: जेजुरीचा, पालीचा, निमगावचा, नळदुर्गचा, तुळजापूरची आई. गोंधळातही तेच. हे आवतण आहे, आणि आवतण जातं ते मांडवात नसलेल्याला. जेजुरीच्या गडावर उभं राहून जेजुरीच्या खंडोबाला 'जेजुरीहून ये' म्हणण्यात अर्थ नाही. तो म्हणेल, आलो, बाजूला सरक.

नळदुर्गच्या खंडोबानं तर या बाबतीत जगाच्या पुढे मजल मारली आहे. देव एक, मूर्ती एक, देवळं दोन: एक शेजारच्या अणदूरला आणि एक नळदुर्गच्या मैलारपुरात. सव्वादहा महिने देव अणदूरला राहतो, पावणेदोन महिने नळदुर्गला. मार्गशीर्षात अणदूरची जत्रा झाली की तो वाजतगाजत नळदुर्गला येतो, पौष पौर्णिमेला इथली मोठी यात्रा भरते, भंडारा उधळला जातो, आणि मुक्काम संपला की परत. हे नेणं-आणणं श्रद्धेच्या भरवशावर सोडलेलं नाही. दोन्ही गावच्या मानकऱ्यांत त्याचा लेखी करार होतो. देवाच्या हजेरीचा असा कागदोपत्री बंदोबस्त इतरत्र क्वचितच दिसेल. गाव आणि गाण्याचा विषय यांच्यात ठरावीक अंतर राहावं, ते फार वाढूही नये आणि अगदी मिटूही नये, याची सोय दोन गावांनी कागदावर करून ठेवली आहे. नळदुर्गला देव पावणेदोन महिने, धबधबा पाऊस झाला तर. उरलेल्या वर्षात गाण्याला भरपूर वाव.

यावर बारकाईनं वाचणारा विचारेल, त्या पावणेदोन महिन्यांचं काय? तेव्हा तर देव समोर असतो आणि गाणी होतातच. होतात, पण ती कशाची? बानाईची. म्हाळसेसारखी घरंदाज बायको घरी असताना देव धनगराच्या बानूवर भाळतो, घर सोडतो, वेष पालटून धनगरवाड्यात चाकरीला राहतो आणि मेंढरं राखतो. (घर सोडणं, केस-कपड्याचा थाट टाकणं, जातीबाहेर प्रेम आणि रानात मुक्काम: सॅन फ्रान्सिस्कोला १९६७ च्या उन्हाळ्यात यापेक्षा वेगळं काय चाललं होतं? फक्त तिथे मेंढरं राखायचं कष्टाचं काम कोणी पत्करलं नाही.) म्हणजे देव देवळात बसलेला असताना गाणं त्याला पुन्हा घराबाहेर काढतं. आणि पत्त्याचा घोळ इथेही आहेच. बानूचं गाव म्हणून मालेगावजवळचं चंदनपुरी सांगतात, तिला आणून बसवलं ते जेजुरीला, आणि एका परंपरेप्रमाणे तिचं देवाशी लग्न लागलं ते नळदुर्गला. एका लग्नाला तीन गावं साक्षीला. पेनी लेनच्या भक्तांनी इथे यावं म्हणजे आपण किती सोप्या परीक्षेला बसलो होतो हे त्यांना कळेल.

आणखी दोन आक्षेपांना थोडक्यात वाट करून देतो. पहिला अमेरिकन गायक आर्लो गथ्रीचा. १९६७ मधलं त्याचं 'ॲलिसेस रेस्टॉरंट' हे अठरा मिनिटांहून लांब गाणं, आणि त्यातला प्रसंग त्याच्यावर खरोखर गुदरलेला: १९६५ च्या थँक्सगिव्हिंगला स्टॉकब्रिजजवळ कचरा भलत्या जागी टाकल्याबद्दल पोलिसांनी त्याला धरलं आणि दंड ठोठावला. गाणारा जागेवर हजर होता, नियम मोडला, असं वाटेल. पण गाण्यात कचरा आहे, पोलीस आहेत, आंधळा न्यायाधीश आहे, सैन्यभरतीची कचेरी आहे. नसल्यासारखं आहे ते फक्त रेस्टॉरंट. शीर्षकात ज्याचा पत्ता दिला ते गाण्यातून गायब. याहून प्रामाणिक साक्षीदार मिळणार नाही. दुसरा आक्षेप वारकऱ्यांचा: अभंगांत पंढरपूर आहे आणि माणसं पंढरपूरला जातातच. जातात, पण गातात कुठे? वाटेवर. आळंदीपासून वाखरीपर्यंत गळा मोकळा असतो. गाभाऱ्यात पोचल्यावर पुढे सरकवणारा हात पाठीवर पडतो आणि डोकं टेकवेपर्यंत दर्शन आटोपतं. अभंग पायवाटेसाठी आहे हे वारकऱ्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो विटेवरून तुकडा खरवडून नेत नाही.

मग गाण्यातली जागा बघायला जाऊच नये का? खुशाल जावं. 'सैराट' आल्यावर करमाळ्याकडच्या विहिरीच्या पायऱ्यांवर पोरं फोटो काढायला जाऊ लागली, त्यानं विहिरीचं काही बिघडलं नाही. ॲरिझोनातल्या विन्स्लो या गावाला तर हा उद्योग फळला. महामार्ग गावाला वळसा घालून गेला, धंदा बसला. तेव्हा ईगल्स या बँडच्या १९७२ मधल्या एका गाण्यात आपल्या रस्त्याच्या कोपऱ्याचं नाव येतं हे गावाला आठवलं, आणि १९९९ मध्ये त्यांनी त्या कोपऱ्यावर बाग केली, गिटारवाल्याचा पुतळा उभा केला. आता लोक मुद्दाम थांबतात. गाण्यातली व्यक्ती कोपऱ्यावर नुसती उभी होती, हे पुतळ्याच्या दृष्टीनं फारच सोयीचं. आपल्या पर्यटन खात्याला अशी कल्पना सुचली आणि नळदुर्गला 'गाण्याची जागा' दाखवायची ठरली, तर फक्त जागा निवडताना चूक होऊ नये. अधिकाऱ्यांचा ओढा पाणी महालाकडे असणार, तिथे फोटो छान येतो. पण पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. अमेरिकन गायक पॉल सायमनचं घरी परतण्याचं गाणं जिथे सुचलं म्हणतात ते इंग्लंडातलं विडनेसचं रेल्वे स्टेशन. तिथे पाटी लावली, ती अनेकदा चोरीला गेली, आणि स्टेशन विडनेसचं की शेजारच्या डिटनचं यावर वाद आहे तो वेगळाच. अरुण कोलटकरांची 'जेजुरी' १९७६ साली आली, तिला पुढच्या वर्षी राष्ट्रकुल कवितेचं पारितोषिक मिळालं. ती सुरू होते एसटीच्या बसमध्ये आणि संपते जेजुरीच्या स्टेशनवर, परतीच्या गाडीची वाट बघत. खंडोबाचा गड मधे कुठेतरी.

तेव्हा पाटी लावायची तर ती नळदुर्गच्या बसस्टँडवर. सोलापूरची गाडी लागायला वेळ आहे, चहा झाला आहे, शेजारी गाठोडं घेऊन बसलेली म्हातारी उमरग्याच्या लेकीबद्दल बोलते आहे: गाणं होतं ते इथे, आणि होतं ते उमरग्याचं. किल्ल्याला यात कमीपणा नाही, त्याच्याकडे तोफा आहेत. एवढं झालं की अणदूरकर हक्क सांगणार, खरी वाट बघणारी माणसं आमच्या फाट्यावर बसतात म्हणून, आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नसेल. त्यावर तोडगा मात्र तयार आहे, नवा शोधायला नको: पाटी सव्वादहा महिने अणदूरला, पावणेदोन महिने नळदुर्गला, वाजतगाजत न्यावी-आणावी, आणि लेखी करारावर दोन्ही गावच्या मानकऱ्यांच्या सह्या घ्याव्यात.